विटांचा कर आणि विटांचे सोंग

इंग्लंडच्या आग्नेय भागातील लुईस, ब्रायटन, कँटरबरी या गावांविषयी लिहिताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तिथल्या कित्येक जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांची दर्शनी बाजू विटांची वाटते, पण ती प्रत्यक्षात विटांसारखी दिसणारी कौले असतात. 1784 साली सरकारने विटांवर कर बसवला आणि लोकांनी करमुक्त कौले लावून तो चुकवला, असे त्याचे कारण दिले जाते. गोष्ट चटकदार आहे, पण कौले आहेत एवढे सोडले तर तिच्यातले फारसे काही टिकत नाही.

या कौलांना तिथे ‘मॅथेमॅटिकल टाइल’ म्हणतात. आपले मंगलोरी कौल इथे डोळ्यांपुढे आणू नये. या कौलाचा वरचा पातळ भाग भिंतीवरच्या लाकडी रिपेला खिळ्याने ठोकतात आणि खालचा जाड भाग विटेच्या तोंडाएवढा असतो. वरच्या ओळीने खालच्या ओळीचे खिळे झाकले आणि मधल्या फटी चुन्याने भरल्या, की विटांचे बांधकाम उभे राहिल्याचा भास होतो. सोंग उघडे पडते ते कोपऱ्यावर, कारण तिथे कौले वळवणे अवघड असल्याने पुष्कळदा सरळ एक उभी लाकडी पट्टी मारलेली सापडते.

आता कराकडे वळू. पहिली अडचण सालांची आहे. सरे परगण्यातील वेस्टकॉट येथे 1724 साल असलेली अशी कौले आहेत, म्हणजे कर येण्याच्या 60 वर्षे आधीची. सफकमधील हेल्मिंगहॅम हॉल या खंदकाने वेढलेल्या, ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या वाड्याचे मूळचे लाकडी अंगही 18 व्या शतकाच्या मध्याला विटा आणि कौलांआड गेले, तेव्हाही कराचा पत्ता नव्हता.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ज्या कायद्याने हजार विटांवर अडीच शिलिंग कर लावला, त्याच कायद्याने कौलांवरही कर लावला, आणि साध्या कौलांचा दर हजारी तीन शिलिंग होता. कौलांवरचा कर 1833 मध्ये उठला, विटांवरचा 1850 मध्ये. कर चुकवणे हाच हेतू असता, तर या मधल्या 17 वर्षांत अशा कौलांना ऊत यायला हवा होता. प्रत्यक्षात तोवर त्यांची चलती ओसरत आली होती.

मग ही उठाठेव कशासाठी? माझ्या मते मुख्य कारण लाकडी सांगाड्यातच आहे. जॉर्जियन काळात, म्हणजे साधारण 1714 ते 1830 दरम्यान, सपाट, प्रमाणबद्ध, विटांच्या दर्शनी भिंतीची चाल पडली आणि पुढे आलेला वरचा मजला, उघड्या तुळया, तिरके खांब हे सगळे गावंढळ वाटू लागले. अशा घरापुढे खऱ्या विटांची भिंत बांधायची तर तिला स्वतंत्र पाया हवा, आणि वरचा मजला रस्त्यावर झुकलेला असेल तर तो कापावा तरी लागे, नाही तर खालची भिंत पुढे ओढावी लागे. कौलांना यातले काही नको. ती हलकी असतात आणि सांगाड्यालाच टांगली जातात. शिवाय पाऊसवाराही ती अडवतात, आणि ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावात ही काही लहान बाब नव्हे. तिथल्या रॉयल क्रेसेंटची 1799 ते 1807 दरम्यान बांधलेली घरे काळ्या चकचकीत झिलईच्या कौलांनी मढवलेली आहेत.

राजकन्या डायनाचे माहेर असलेल्या ऑलथॉर्पचे उदाहरण तर या दाव्याच्या मुळावरच येते. ते घर मुळातच लाल विटांचे होते. तरीही 1788 पासून वास्तुकार हेन्री हॉलंड याने त्यावर फिक्या रंगाची अशी कौले चढवली, कारण लाल रंग आता जुनाट ठरला होता. विटा आयत्या उभ्या असताना विटांवरचा कर वाचवण्याचा प्रश्नच येत नाही.

कर चुकवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे मात्र नाही. कर नगावर असल्याने लेस्टरशरमधील मेशम गावच्या जोसेफ विल्क्स याने जवळपास दुप्पट आकाराच्या विटा पाडल्या. त्या ‘विल्क्सेस गॉब्स’ म्हणून ओळखल्या जातात आणि मेशममध्ये त्यांच्या भिंती आजही पाहायला मिळतात. सरकारनेही ही पळवाट हेरली आणि 1803 साली मोठ्या विटांवर दुप्पट कर लावला.