सातबाऱ्याच्या ५० रुपयांबद्दल मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी तुम्हाला माझ्या ऑनलाइन फॉर्म-उताऱ्यांच्या दुकानात ताटकळावं लागलं आणि काउंटरवरचा मुलगा तुटक बोलला, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

पण एक स्टार देऊन "सरकारी साइटवर फुकट मिळणारा सातबारा ५० रुपयांना विकतात, शेतकऱ्यांची लूट आहे" असं जे लिहिलंत, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. हे वाचून उद्या गिऱ्हाईक दारातूनच माघारी फिरेल, आणि तहसीलसमोरच्या गाळ्याचं भाडं काही थांबत नाही.

फुकट मिळतो तो महाभूलेख या सरकारी साइटवरचा. बरोबर आहे तुमचं. पण तो माहितीपुरता, कायदेशीर कामाला चालत नाही, असं तिथेच लिहिलेलं असतं. तुम्हाला द्यायचा होता बँकेत, पीककर्जासाठी. तिथे डिजिटल सहीचा मागितला होता आणि त्याला सरकारच उताऱ्यामागे १५ रुपये घेतं. ते माझ्या वॉलेटमधून आधी कटतात, मग पीडीएफ मिळते. म्हणजे ५० मधले १५ माझे नाहीतच. राहिलेल्या ३५ मध्ये कागद, शाई, नेट आणि त्या मुलाचा पगार.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत ते. गावाचं नाव तुम्ही नुसतं "पिंपळगाव" सांगितलंत. यादीत खुर्द आणि बुद्रुक दोन्ही. मुलाने विचारलं तेव्हा तुम्ही फोनवर होतात, हातानेच "टाक कुठलंही" अशी खूण केलीत. त्याने बुद्रुक टाकलं, उतारा भलत्याच माणसाचा निघाला. ते १५ रुपये परत येत नाहीत. मी सोसले, तुमच्याकडे मागितले नाहीत. मग वडिलांकडून जुन्या उताऱ्याचा फोटो मागवलात तो इतका अंधुक, की गट नंबर ११२/२ की ११२/३ तेच कळेना. शेवटी खातेदाराच्या नावावरून शोधला. तेवढ्यात सर्व्हर बसला. जूनमध्ये अख्खा तालुका एकदमच कर्जाच्या मागे असतो, तेव्हा हे रोजचंच आहे. शटर अर्धं ओढलेलं असताना पावणेआठला तुमची प्रिंट निघाली. आठ अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, राहिला, तो सर्व्हर पुन्हा बसला म्हणून.

"फुकट असताना लोक पैसे देतात तरी का" असंही विचारलंत. महाडीबीटी या सरकारी साइटवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म घरी बसून फुकट भरता येतो. तरी माझ्यापेक्षा भारी मोबाईल वापरणारी कॉलेजची पोरं इथे येऊन भरून घेतात. एकाला मी विचारलंच. म्हणाला, "काका, मला येतं, पण चुकून वर्षाची स्कॉलरशिप अडकली तर घरी काय सांगू?" इथे अडकली तर तो येऊन माझ्या डोक्यावर बसतो, आणि मला ते निस्तरावं लागतं. आधार बँकेला लिंक नाही, दाखल्यावर आईचं नाव वेगळं, फाइल मोठी म्हणून अपलोड होत नाही, हे सगळं त्याच पैशात. गहू घरचा असला तरी गिरणीवाल्याला दळणाचे द्यावेच लागतात ना? ज्याला जमतं त्याने सातबारा जरूर स्वतः काढावा. साइटचं नाव मीच कागदावर लिहून देतो, कितीतरी जणांना दिलंय.

हे सेतू केंद्र नाही, खासगी दुकान आहे. दर मी आधी तोंडी सांगतो, तुम्हालाही सांगितला होता. तरी दरपत्रक लावायचं मनात आहे, लागेल एवढ्यात. गर्दीचंही काहीतरी बघतो.

तुमचा आठ अ राहिलाय. सकाळी दहाच्या आत या, सर्व्हर बरा असतो. सरकारी १५ सोडून माझे काही देऊ नका. स्टार एकच राहू द्या, पण "लूट" तेवढं काढा. माझी मुलगी हे पान बघते.