‘विकतचं सोडावॉटर विष, घरचं अमृत’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: विकतच्या सोडावॉटरमध्ये कारखान्यातला रासायनिक वायू असतो, त्याने दात झिजतात आणि हाडांतलं कॅल्शियम निघून जातं. घरी केलेलं मात्र नैसर्गिक. घरी सोडावॉटर करायच्या यंत्राच्या एका वायूच्या सिलिंडरमध्ये ६० लीटर पाणी होतं. आणि शेवटी, यंत्र नसलं तरी बिघडत नाही: लीटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा आणि एका लिंबाचा रस घाला, बूच घट्ट लावा, हलवा, झालं.

मी स्वतः सोडावॉटर घरीच करतो आणि करत राहीन. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकला. चांगल्या गोष्टीची खोटी कारणं सांगितली की खरी कारणं बाजूला पडतात, आणि इथे तर शेवटची कृती धोक्याची आहे.

‘विकतच्यात रासायनिक वायू, घरच्यात नैसर्गिक’

दोन्हींत कार्बन डायऑक्साइडच असतो. तुमच्या यंत्राचा सिलिंडर घरात भरला जात नाही. त्यातला वायूही कारखान्यातूनच येतो, कधी अमोनिया बनवताना निघालेला, कधी आंबवण्याच्या टाक्यांतून गोळा केलेला. यात वाईट काहीच नाही. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये लीड्सच्या बिअर कारखान्यात आंबणाऱ्या टाकीवर पाण्याचं भांडं धरलं, तेव्हा त्यात विरलेला वायूही हाच होता.

प्रश्न वायू कुठून आला हा नसून तो किती शुद्ध आहे, हा आहे. १९९० मध्ये पेरिए या नावाजलेल्या फ्रेंच पाण्यात बेन्झिन या घातक रसायनाचे अंश सापडले आणि जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. झऱ्याचं पाणी आणि झऱ्याचा वायू वेगवेगळे काढून नंतर एकत्र केले जात होते, आणि वायू शुद्ध करणारी गाळणी वेळेवर बदललेली नव्हती. म्हणजे ‘नैसर्गिक’ वायूसुद्धा गाळणीवर अवलंबून होता. घरी करणाऱ्याने यातून एवढं घ्यावं: सिलिंडर भरून घेताना वायू खाद्य दर्जाचा आहे का, हे विचारा. वेल्डिंगसाठी किंवा आग विझवण्यासाठी भरलेला वायू पिण्याच्या पाण्यात घालू नका, कितीही स्वस्त पडला तरी.

‘विकतच्याने दात आणि हाडं जातात’

वायू पाण्यात विरला की थोडं कार्बॉनिक आम्ल तयार होतं आणि पाण्याचा सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास उतरतो. घरी केलं तरी तेवढाच. दातांवरचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं, म्हणून काळजी अगदीच निराधार नाही. पण २००१ मध्ये प्रयोगशाळेत केलेल्या एका अभ्यासात फसफसत्या मिनरल वॉटरने होणारी झीज साध्या पाण्यापेक्षा किंचित जास्त आणि गोड शीतपेयांपेक्षा सुमारे १०० पट कमी आढळली. दिवसभर घोट घोट पीत बसू नका, एवढं पुरे. त्यात लिंबू पिळलंत तर मात्र हिशेब बदलतो, कारण लिंबाचं आम्ल बरंच तीव्र असतं.

हाडांची गोष्ट कोलावरून आली आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००६ च्या अभ्यासात कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी दिसली, कोला सोडून इतर फसफसत्या पेयांत तसं दिसलं नाही. बुडबुड्यांवर तो ठपका बसत नाही.

पोट फुगणं, ढेकर येणं मात्र खरं आहे, घरच्यानेही आणि विकतच्यानेही.

‘एका सिलिंडरमध्ये ६० लीटर’

नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४२५ ग्रॅम वायू असतो. त्याला ६० ने भागलं तर लीटरमागे ७ ग्रॅम येतात, आणि चांगल्या फसफसत्या पाण्यात साधारण तेवढाच वायू असतो. पण हा हिशेब एकही ग्रॅम वाया गेला नाही असं धरून केलेला आहे. प्रत्येक बाटलीच्या शेवटी यंत्र ‘फुस्स’ करतं, तो वायू हवेत जातो.

मी सिलिंडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. दहा लीटरनंतर ११० ग्रॅम उतरले होते, म्हणजे लीटरमागे ११. त्या हिशेबाने सिलिंडर ३८ लीटरच पुरतो. आत वायू द्रवरूपात असल्याने दाब शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो, त्यामुळे किती उरलाय हे वजनावरूनच कळतं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण यंत्राचा खर्च किती दिवसांत वसूल होईल हे या वजनावरून काढा, डब्यावरच्या आकड्यावरून नको.

वायू वाचवायचा असेल तर पाणी आधी फ्रिजमध्ये खूप गार करा. साध्या हवेच्या दाबाला शून्य अंशाच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ३.३ ग्रॅम वायू विरतो, २० अंशाच्या पाण्यात १.७. निम्मा! कोमट पाण्यावर बटण कितीही दाबा, वायू निसटून जातो. आणि रस किंवा सरबत यंत्रात कधीच घालू नका, पाणी तयार झाल्यावर वरून मिसळा.

घरी करण्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा मेसेजमध्ये नावालाही नाही: लीटरमागे किलोभर पाणी वाहून आणायला लागत नाही आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग होत नाही. यंत्राची बाटलीही प्लास्टिकचीच असते, तिच्यावर मुदत छापलेली असते, ती पाळा. ती दाब सोसणारी बाटली आहे.

‘खाण्याचा सोडा, लिंबू आणि घट्ट बूच’

ही ओळ कृपा करून पुढे पाठवू नका.

एका लिंबात साधारण २ ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम सोड्यातला जेमतेम अर्धा त्याने संपतो, बाकीचा तसाच राहून पाण्याला साबणासारखी चव आणतो. तयार होणारा वायू दीड ग्रॅमच्या आत. पाणी फसफसतच नाही.

मग माणूस काय करतो? सोडा वाढवतो, लिंबू वाढवतो, बूच आणखी आवळतो. ५ ग्रॅम सोडा आम्लाने पुरता संपला तर सुमारे १.४ लीटर वायू निघतो, आणि बाटलीत बुचाखाली जागा असते दोन-चार बोटं. पाण्यात विरायला त्याला वेळ लागतो, तोवर सगळा दाब बाटलीवर. काचेची असेल तर फुटून तुकडे तोंडावर येतात. याच कारणासाठी कोरडा बर्फही (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बंद बाटलीत कधी टाकू नये.

शिवाय सोड्यातलं सोडियम कुठे जात नाही. त्या एका चमच्यात सुमारे १.४ ग्रॅम सोडियम आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या कुणी ‘घरचं, शुद्ध’ म्हणून रोज लीटरभर प्यायला घेतलं, तर त्याला हे कोण सांगणार?

यंत्र नसेल तर सरळ विकतचं आणा.