वावरातली ज्वारी आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर

अंगणवाडीचं काम सुटल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. "मावशी, सांदवाडीत (म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीत) काय लावलं?" आणि "मावशी, यंदा कोणाचं जमते?" पहिल्याचं उत्तर दिलं की सगळे खूश. दुसऱ्याचं द्यायला तोंड उघडलं की घरातूनच आवाज येतो, "या वयात तुले काय करायचं राजकारण, भाजी पाय!"

भाजीच पाहते आहे, बापा. पाहता पाहताच राजकारण दिसतं.

शेणखताचं घ्या. आमची काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण वाफ्यात नुसती घेतली तर पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. शेणखत मिसळलं तरच वांगी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर) धड येतो. पूर्वी टोपलं घेऊन शेजारी गेलं की काम व्हायचं. आता ट्रॉलीसाठी नंबर लावा, आणि भाव ऐकून गप बसा. गावातले गोठे रिकामे झाले, कारण कडबा नाही. कडबा नाही, कारण ज्वारी नाही. सोयाबीनचं कुटार आहे म्हणा, पण कडब्याची सर त्याला नाही.

ज्वारी गेली ती कुणाच्या आळसानं गेली नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं आणि त्याच वावरात हरभरा पेरता येतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी ऐन कापणीला पाऊस आला की काळी पडायची, मग तिला व्यापारी विचारीत नसे. वरून पाखरं, खालून रानडुकरं, आणि कापणीला माणूस मिळत नाही. मी पुतण्याला म्हटलं, दोन एकर तरी पेर. तो म्हणाला, "काकू, ज्वारी पेरून का डुकरायले चारू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२५-२६ चा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ रुपये आणि सोयाबीनला ५,३२८. आता सोयाबीनसुद्धा हमीभावाच्या खाली विकलेलं आपण पाहिलंच आहे, ते वेगळं रडगाणं. पण हे आकडे समोर ठेवून कोणता शेतकरी ज्वारी पेरेल?

आणि आता गंमत पाहा. आमच्या ह्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी लिहून दिलं, भात कमी, ज्वारीची भाकर खा. (भाकर म्हणजे काही औषध नव्हे. चार भाकरी चापल्या तर शुगर तीही वाढवते. एक भाकर, वाटीभर वरण आणि ताटात भाजी जास्त, असं मी रोज सांगते आणि रोज भांडण होतं.) रेशनवर मात्र तांदूळ आणि गहू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य (म्हणजे ज्वारी, बाजरी वगैरे) १ रुपया किलो असं लिहिलं होतं. २०२३ पासून तर धान्य फुकट झालं. म्हणजे ज्वारी कायद्यात आहे, आमच्या दुकानात कधीमधी दिसली तर दिसली. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष होतं. फलक भरपूर लागले. नाचणीच्या केकचं कौतुक झालं. आमच्या अंबाडीच्या भाजीचं कुणी नाव काढलं नाही.

ती भाजी नीट करायची तर ज्वारीच्या कण्याच लागतात. पाला उकडून आंबट पाणी थोडं काढून टाकायचं, कण्या आणि तुरीची डाळ त्यात शिजवून घोटायची, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी. आजकाल तांदळाच्या कण्या टाकतात. चालते, पण मग भाजी नुसती गिळायची होते, दाताखाली काही येत नाही.

पारावर आमच्या वयाची मंडळी दिल्ली-मुंबईवरून एकमेकांचे गळे धरतात. कोण फुटला, कोण कोणाला भेटला, सगळं तोंडपाठ. रेशनवर ज्वारी का नाही, हे मी एकदाही ऐकलं नाही. डुकरांचं पाहावं, ज्वारी जिल्ह्यातच हमीभावानं खरेदी व्हावी आणि तीच रेशनवर, शाळेत, अंगणवाडीत द्यावी, एवढं मागायला कोणत्या पक्षाचा झेंडा लागतो? ज्वारी साठवणुकीत टिकत नाही असं मला एकानं समजावलं. आमच्या आज्या पेवात, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, ठेवत होत्या हो! तुमच्या गोदामात काय झालं?

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत. कितीक गावांत ती सभा म्हणजे घरोघरी फिरणारं सह्यांचं रजिस्टर. बाया तर सरपंच असूनही मागच्या रांगेत, खुर्चीवर नवरा. २ ऑक्टोबरच्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. रेशनवर दरमहा तांदळातला काही हिस्सा ज्वारीचा, इतकाच. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की या, मला समोरासमोर भांडायला आवडतं. फक्त येण्याआधी आपल्या घरात शुगरची गोळी किती जण घेतात ते मोजून या. आणि अंबाडीचं बी माझ्याकडे आहे, पुढच्या मृगासाठी ज्याला पाहिजे त्यानं आत्ताच सांगून ठेवा. मागच्या वर्षी उशिरा आलेल्यांना मिळालं नव्हतं, मग माझ्या नावानं बोटं मोडत बसले.