घर कोंबडीचं, नकाशा मुंगसाचा

परसात चार कोंबड्या पाळाव्यात असं मनात आलं, की माणूस कोंबडीबद्दल वाचायला बसतो आणि मध्यरात्री मुंगसाबद्दल वाचत असतो. मुंगूस, बोका, कोल्हा, घूस, घार, साप, शेजारचा कुत्रा. इतक्या जणांचा डोळा असलेला पक्षी आजवर टिकला तरी कसा? तर माणसाचाही डोळा त्याच्यावर आहे म्हणून. आपण फक्त आधी दाणे टाकतो.

मला साधंसं खुराडं बांधायचं होतं. चार खांब, वर पत्रा, भोवती जाळी. पण षटकोनी भोकांची ती पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्यांना बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो आणि बारीक सापाला तर ती उघडीच असते. लागते ती अर्ध्या इंची भोकांची वेल्डेड जाळी, कापताना निम्मी आपल्या हातात रुतणारी. बरं, ती जमिनीपाशी संपवून चालत नाही. उकरणारे लोक आहेत. म्हणून जाळीचा फूट-दीड फुटाचा पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून मातीखाली दडवायचा. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो, त्याला जाळी लागते आणि तो वैतागून निघून जातो. चार पावलं मागे सरून उकरावं, हे त्याला सहसा सुचत नाही. आमची सगळी संरक्षणव्यवस्था त्याच्या या एका वैचारिक मर्यादेवर उभी आहे.

देखरेखीला अण्णा होते, खुर्ची टाकून. वडिलांनी जन्मात खिळा ठोकलेला नाही, त्यामुळे त्यांची मतं अनुभवाने गढूळ झालेली नाहीत.

"वरती एवढी भोकं कशाला ठेवलीस? गारठतील ना बिचाऱ्या."

मी सांगितलं की कोंबडीच्या अंगात मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब असते आणि वर पिसांचा कोट. तिला थंडीपेक्षा ओल बाधते. रात्रभराच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, श्वासाची वाफ साठते. ते सगळं बाहेर जायला तिच्या डोक्यापेक्षा उंच झरोके हवेत, म्हणजे अंगावर थेट वारा येत नाही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग खिडकीच कर ना एक." खिडकी झाली. तिलाही जाळी आली.

खरी कटकट उंचीची. कोंबड्यांना झोपायला सगळ्यांत उंच जागा लागते, म्हणून बसायची दांडी वर आणि अंडी घालायचे खोके खाली. उलट झालं तर त्या खोक्यात झोपतात आणि सकाळी ते खोकं अंडी घालायच्या लायकीचं उरत नाही. दांडीवरही कुणी कुणाच्या शेजारी बसायचं याचे मानापमान असतात. थोर्लीफ श्येल्डेरूप-एब्बे या नॉर्वेच्या गृहस्थांनी कोण कुणाला टोचतं ते वर्षानुवर्षं बघून १९२१ च्या सुमारास कोंबड्यांतली ही उतरंड जगासमोर मांडली. त्यांना आमच्या घरी जेवायला बोलावलं असतं तर काम एका संध्याकाळीत उरकलं असतं.

खोक्यांच्या बाबतीत चौघींना एक पुरतं असं जाणकार सांगतात. बायकोला पटलं नाही. "घरी पाहुणे आल्यावर एका न्हाणीघराचं काय होतं, बघतोस ना?" म्हणून तीन केली.

मग जाती. इथे घरातल्या प्रत्येकाचा खरा स्वभाव बाहेर आला.

बायको हिशेबी. तिने व्हाइट लेगहॉर्न निवडली: खाणं बेताचं आणि वर्षाला २८० च्या घरात पांढरी अंडी. फक्त ती अंगाने हलकी आणि मनाने त्याहून हलकी. पान पडलं तरी कुंपणावर. अण्णांना रुबाब हवा होता, त्यांनी असीलचा आग्रह धरला. उंच मान, ताठ चाल, राजबिंडं रूप, अंडी मोजकीच, आणि भांडण हा पिढीजात व्यवसाय. मुलीला सिल्की हवी होती. तिची पिसं लोकरीसारखी मऊ, पायाला चाराऐवजी पाच बोटं, कातडी काळी, उडणं जवळपास शून्य. मी ऑर्पिंग्टन म्हणालो. इंग्लंडात केंट परगण्यातल्या ऑर्पिंग्टन गावी विल्यम कुक यांनी १८८६ मध्ये ही जात तयार केली. वजनदार, संथ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात निदान एक जण तरी माझ्या बाजूची असावी, एवढीच अपेक्षा.

पिल्लांच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. एक दिवसाचं पिल्लू नर की मादी हे ओळखणं मुरलेल्यांचं काम. थेट तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, बघायला गेलो. तिथे कळलं की अंड्याचा रंग बहुधा कानाच्या पाळीवरून सांगता येतो: पांढरी पाळी, पांढरं अंडं, लाल पाळी, तपकिरी अंडं. अपवाद आहेतच, सिल्कीची पाळी निळसर असून अंडं मात्र फिकट बदामी. मी आणि अण्णा चष्मे सावरत एकेकीचे कान तपासत होतो. कोंबडीला कान असतो हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला अक्कल नाही हे तिला आधीच कळलेलं दिसलं.

असील अखेर बाद झाली, कारण सिल्की तिच्यासमोर तासभरही टिकली नसती. अण्णांची समजूत म्हणून एक ऱ्होड आयलंड रेड घेतली. ती आल्या दिवसापासून सगळ्यांना टोचते, त्यामुळे अण्णा समाधानी आहेत.

लेगहॉर्न पहिल्या रात्री पत्र्यावर झोपली. एवढ्या विचाराने बसवलेली दांडी खाली मोकळी. बाकीच्या तिघी अंधार पडताच आपण होऊन आत गेल्या, माझी ऑर्पिंग्टन सगळ्यांत आधी. लेगहॉर्नला मी शिडीवरून उतरवलं. तिने सबंध आळीला सांगितलं.

तीन खोक्यांपैकी वापरात एकच आहे, डावीकडचं. बाकीची दोन तशीच, गवत अंथरून, कोरी. आता त्या डाव्या खोक्यात सिल्की खुडूक होऊन बसली आहे. ती अंडी घालत नाही, उठत नाही, हात घातला तर फुगून टोचते. लेगहॉर्न समोर येऊन ओरडते आणि शेवटी तिच्या अंगावर बसून अंडं घालते. सिल्की ते मुकाट्याने पोटाखाली ओढून घेते.

"एकवीस दिवसांनी पिल्लं येणार," मुलीने जाहीर केलं.

कोंबड्याशिवाय अंडी येतात, पिल्लं येत नाहीत, हे मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत समजावलं.

"मग कोंबडा आणू या की, बाबा."

मी म्हणालो, कोंबडा उजाडायची वाट बघत नाही. त्याचं घड्याळ त्याच्या अंगातच असतं, तो अंधारातच आरवायला लागतो.

"बरंच झालं," बायको म्हणाली. "लेगहॉर्न उजाडायच्या आत पत्र्यावरून उतरवायची असते. तुला उठवणार कोण?"