मावशी, तुमची बाटली आणि तो मेसेज

"थायरॉईडच्या गोळीने रक्तवाहिन्या सुजतात, किडनी जाते. डॉक्टर हे लपवतात. गोळी आजच बंद करा, उपाशीपोटी धण्याचं पाणी प्या." गेल्या आठवड्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दोघांनी हा मेसेज मला दाखवला. एक मावशी तर ५० मायक्रोग्रॅमची अर्धी बाटली परत करायलाच घेऊन आल्या.

मेसेज साफ खोटा असता तर सोपं होतं. त्यात खरं आहे, पण भलत्याच बाटलीवर चिकटवलेलं.

'थायरॉईडची गोळी' म्हणजे कुठली? ग्रंथी मंदावली की लेव्होथायरॉक्सिन देतात. ग्रंथी उधळली की कार्बिमाझोल, आणि काही वेळा, उदाहरणार्थ गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, प्रोपिलथायोयुरासिल म्हणजे पीटीयू. एक औषध हार्मोन भरून काढतं, दुसरं ते बनणं रोखतं. रक्तवाहिन्यांची सूज ही या दुसऱ्या गटाची भानगड, त्यातही मुख्यतः पीटीयूची; कार्बिमाझोलने त्याहून कमी. मावशींच्या बाटलीत लेव्होथायरॉक्सिन आहे; ते हार्मोन आपली ग्रंथी स्वतःच बनवते. डोस जास्त झाला तर धडधड होते, हाडं ठिसूळ होतात; पण मेसेजमधला आजार हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम नाही.

बरं, पीटीयू घेणाऱ्या सगळ्यांना तो होतो का? नाही. पीटीयू थायरॉईडमधल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्याचंच एक भावंड पांढऱ्या पेशींत असतं. काहींच्या शरीरात त्या भावंडाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. रक्तात त्या सापडणारे बरेच, प्रत्यक्ष आजारी पडणारे थोडे. आणि हे गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही होऊ शकतं.

'डॉक्टर लपवतात' म्हणावं, तर माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. पण तो बारीक टाइप कोण वाचतो? आम्हीही काउंटरवर सांगत नाही, हे कबूल. म्हणून आता सांगतो: पीटीयू किंवा कार्बिमाझोल चालू असताना पायांवर जांभळट ठिपके आले, तर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबूनही ठिपका फिका पडला नाही, लघवी कोलासारखी झाली, थुंकीत रक्त आलं किंवा तापासोबत सांधे धरले, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. ताप आणि घसादुखी हा वेगळा धोका, पांढऱ्या पेशी एकदम घटण्याचा. त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करा.

अशा वेळी डॉक्टर ते औषध बंद करतात आणि बरेच जण तेवढ्यानेच सुधारतात. किडनी किंवा फुप्फुसावर आलं, तर स्टिरॉइड लागतात. पण मेसेज वाचून मनानेच बंद केलंत, तर उधळलेली ग्रंथी पुन्हा उधळते, प्रसंगी जिवावर बेतेपर्यंत.

आता धणे. लेव्होथायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणून गोळी सोडून पहिले काही दिवस छान जातात, आणि श्रेय धण्याला मिळतं.

मावशींना बाटली परत दिली. म्हटलं, धण्याचं पाणी प्यायचंच असेल तर प्या, पण गोळीनंतर तासाभराने.