सहा हजार वर्षांपूर्वीचे घोडेस्वार: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

घोड्याबद्दलचा एक दावा गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे. तो साधारण असा असतो: 'सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या कझाकस्तानातील बोताई लोकांनी घोडा माणसाळवला आणि तेव्हापासून माणूस घोड्यावर स्वार झाला. त्याच घोड्यांवर बसून याम्नाया टोळ्यांनी युरोप जिंकला. आज जगात असलेले सगळे घोडे त्या पहिल्या कळपाचे वंशज आहेत; कधीही न माणसाळलेला एकच घोडा उरला आहे, तो म्हणजे मंगोलियातील प्रझेवाल्स्की.' हा मजकूर निव्वळ थाप नाही. त्यातील जवळजवळ प्रत्येक भाग कधी ना कधी जबाबदार संशोधकांनीच मांडलेला आहे आणि म्हणूनच तो खोडून काढताना काळजी घ्यावी लागते. माझा मुख्य आक्षेप असा, की घोडा राखणे, त्याची पैदास हातात घेणे, त्याला गाडीला जुंपणे आणि त्याच्यावर बसून लढणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्यात कित्येक शतकांची अंतरे आहेत आणि हा दावा त्या सगळ्या एकाच वेळी घडवून आणतो.

'बोताई लोकांनी घोडा माणसाळवला आणि ते त्यावर बसू लागले.' बोताईची वस्ती उत्तर कझाकस्तानात आहे आणि तिचा काळ इ. स. पू. ३५०० च्या आसपासचा, म्हणजे आजपासून सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. तिथे सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक हाडे घोड्यांची आहेत, हे खरे आहे. २००९ साली ॲलन आउट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन पुरावे पुढे केले: पायांच्या हाडांची ठेवण, दातांवरची लगामाची झीज आणि खापरांत मुरलेली, घोडीच्या दुधाची म्हणून ओळखलेली चरबी. पैकी दातांच्या पुराव्याला २०२१ साली विल्यम टेलर आणि क्रिस्टिना बॅरॉन-ऑर्टिझ यांनी थेट आव्हान दिले. लगामाची म्हणून दाखवलेली झीज माणसाचा हातही न लागलेल्या रानघोड्यांच्या दातांवरही आढळते, असे त्यांनी दाखवले. दुसरीकडे २०२४ साली ४७५ प्राचीन घोड्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात बोताईच्या घोड्यांच्या दोन पिढ्यांमधले अंतर नेहमीपेक्षा कमी झालेले दिसले. असे सहसा पैदाशीत माणसाचा हात असल्यावर घडते. तेव्हा बोताईला मांसासाठी, कदाचित दुधासाठीही घोडे राखले जात असावेत, असे मानायला जागा आहे. पण राखलेला घोडा म्हणजे बसायचा घोडा नव्हे, आणि बसण्याचा जो पुरावा होता तोच सर्वांत कच्चा ठरला आहे.

दात किती फसवू शकतात, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. युक्रेनमधील देरेइवका येथे एका नर घोड्याची कवटी सापडली होती आणि ज्या थरात ती मिळाली त्यावरून ती इ. स. पू. ४००० च्या आसपासची मानली गेली. डेव्हिड अँथनी आणि डोरकस ब्राउन यांनी तिच्या खालच्या जबड्यातील दुसऱ्या उपदाढेची झीज मोजली. धातूची कडी तोंडात असलेला घोडा ती जिभेने मागे ढकलून दाढांत धरतो, त्यामुळे या दाढेची पुढची कड तिरपी घासली जाते. देरेइवकाच्या घोड्यात ती तशीच घासलेली होती आणि 'जगातील पहिला स्वारीचा घोडा' म्हणून त्याची कीर्ती झाली. पुढे त्याच हाडांची रेडिओकार्बन तपासणी झाली तेव्हा हा घोडा इ. स. पू. ७०० ते २०० या काळातला, म्हणजे थेट लोहयुगातला निघाला. लोहयुगातील कोणीतरी जुन्या थरात खड्डा खणून त्याला पुरले होते. अँथनी आणि ब्राउन यांनी स्वतःच हा निष्कर्ष मागे घेतला आणि त्याबद्दल त्यांचा आदरच करावा लागेल. मात्र मागे घेतलेला तो पुरावा लोकप्रिय लिखाणात अजूनही जिवंत आहे. लगाम खरोखर वापरात असला की तो कसा सापडतो, हे पाहायचे तर आपल्याकडे नागपूरजवळच्या माहुरझरीची शिलावर्तुळे आहेत. तिथे माणसांच्या दफनांबरोबर घोड्यांचे अवशेष मिळाले आहेत आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साजही मिळाला आहे. अर्थात तीही लोहयुगातलीच.

'आजचे सगळे घोडे बोताईच्या कळपाचे वंशज आहेत.' हा मुद्दा आता वादातही उरलेला नाही. लुडोविक ऑर्लांडो यांच्या गटाने २०१८ साली दाखवले, की आजच्या पाळीव घोड्यांत बोताईच्या घोड्यांचा वाटा जेमतेम ३ टक्क्यांच्या आत आहे. २०२१ साली याच गटाने २७३ प्राचीन घोड्यांचे जनुकसंच तपासून आजच्या घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत असल्याचे मांडले. बोताईपासून ती जागा पुष्कळ पश्चिमेला आहे. इ. स. पू. २२०० च्या सुमारास या वंशाची पैदास माणसाच्या ताब्यात आली आणि पुढच्या काही शतकांत त्याने अटलांटिकपासून मंगोलियापर्यंत जवळजवळ प्रत्येक स्थानिक घोड्याची जागा घेतली. या वंशात ज्या जनुकांची जाणीवपूर्वक निवड झालेली दिसते त्यांपैकी एक पाठीच्या कण्याशी संबंधित आहे आणि दुसरे स्वभावाच्या शांतपणाशी, हे फार बोलके आहे.

'प्रझेवाल्स्की हा शेवटचा खरा रानघोडा आहे.' इथे दावा स्वतःशीच भांडतो. प्रझेवाल्स्की घोडे बोताईच्या घोड्यांच्याच वंशातले आहेत, हे २०१८ च्या त्याच अभ्यासातून पुढे आले. मग बोताईचे घोडे पाळीव होते असे मानले, तर प्रझेवाल्स्की हे सुटून पुन्हा रानात गेलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज ठरतात. आणि ते कधीच माणसाळले नव्हते असे मानले, तर बोताईचे घोडे शिकारीचे ठरतात. या दोहोंपैकी एकच बाजू घेता येते.

'याम्नायांनी घोड्यांवरून युरोप जिंकला.' याम्नाया हे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातले पशुपालक होते. इ. स. पू. ३००० च्या सुमारास त्यांचे लोक पश्चिमेकडे सरकले, याबद्दल शंका नाही. २०१५ च्या अभ्यासात जर्मनीतील दोरीच्या ठशांची भांडी वापरणाऱ्या लोकांच्या वंशात सुमारे ७५ टक्के वाटा याम्नायांसारख्या लोकांचा आढळला. परंतु त्याच लोकांच्या वस्त्यांत सापडलेल्या घोड्यांमध्ये गवताळ प्रदेशातल्या घोड्यांचा अंश जवळजवळ नाही. माणसे आली आणि घोडे आले नाहीत, एवढा याचा सरळ अर्थ आहे. ती आली बैलगाड्यांतून, गुराढोरांसह, कित्येक पिढ्यांच्या काळात. दुसऱ्या बाजूचे पुरावे दडवणे मला योग्य वाटत नाही. डॉनच्या खोऱ्यातील दोन सांगाड्यांच्या दातांवरील कीटणात घोडीच्या दुधाची प्रथिने मिळाली आहेत आणि २०२३ साली रोमानिया, बल्गेरिया व हंगेरीतील पाच याम्नाया सांगाड्यांच्या हाडांवर स्वारीच्या खुणा असल्याचे प्रसिद्ध झाले. या खुणा इतर श्रमांनीही उमटू शकतात असा आक्षेप त्यावर घेतला गेला आहे. तो बाजूला ठेवला तरी काही गुराखी अधूनमधून घोड्यावर बसत असतील, इतकेच त्यातून निघते. त्यातून घोडदळ उभे राहत नाही.

'घोडा हाती आला आणि माणूस लगेच स्वार झाला.' माणसाचा आणि घोड्याचा संबंध मुळात शिकाऱ्याचा आणि सावजाचा होता आणि तो लाखो वर्षे तसाच राहिला. जर्मनीतील शोनिंगेन येथे घोड्यांच्या हाडांबरोबर सापडलेले लाकडी भाले निदान दोन लाख वर्षांचे आहेत. पाळीव घोड्याच्या कामाचा पहिला भक्कम पुरावाही पाठीवरचा नसून चाकांचा आहे. उरल पर्वताच्या पूर्वेकडील सिन्ताश्ताच्या थडग्यांत, इ. स. पू. २००० च्या आसपास, रथ पुरताना चाकांचा खालचा भाग तळाच्या खाचांत उतरवला जाई. लाकूड कुजून गेले, पण मातीत आऱ्यांचे ठसे राहिले, आणि जवळच घोड्यांची डोकी व गालावर बसणाऱ्या लगामाच्या हाडी पट्ट्या मिळाल्या.

त्यानंतरही स्वारीला प्रतिष्ठा मिळायला बराच काळ लागला. सीरियातील मारीच्या झिम्री-लिम राजाला इ. स. पू. अठराव्या शतकात एका अधिकाऱ्याने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. राजाने घोड्यांवर बसू नये, खेचरांच्या वाहनातून जावे आणि राजपदाचा मान राखावा, असा सल्ला त्यात आहे. लढाईतील घोडदळ स्पष्टपणे दिसते ते त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी, ॲसिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील शिल्पपटांत. तिथे स्वार जोडीने धावताना दिसतात: एक जण दोन्ही हातांनी धनुष्य ताणतो आणि त्याच्या घोड्याचा लगाम शेजारच्या स्वाराने धरलेला असतो. रथातली धनुर्धर आणि सारथी ही जोडीच तशीच्या तशी दोन घोड्यांच्या पाठीवर आणून बसवलेली आहे. बोताईच्या वस्तीनंतर अडीच हजारांहून अधिक वर्षे उलटल्यावरही, एका स्वाराने एकट्याने घोडा सांभाळून बाण मारणे ही गोष्ट त्या काळच्या सर्वांत बलाढ्य सैन्यात अजून रुळलेली नव्हती.