चार ओळी चिकटवल्या म्हणून यूआरएल स्वच्छ होत नाहीत

वेब शिकणाऱ्यांच्या गटांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो: ‘एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये या चार ओळी टाका. प्रश्नचिन्हवाले यूआरएल जातील, साइट गूगलमध्ये वर येईल, आयडी लपल्यामुळे हॅकिंग थांबेल, आणि हे कुठल्याही सर्व्हरवर चालतं.’ (प्रश्नचिन्हवाला यूआरएल म्हणजे ‘पुस्तक डॉट पीएचपी?आयडी=४२’ असा पत्ता; स्वच्छ म्हणजे ‘/पुस्तके/४२’. एचटीअ‍ॅक्सेस ही साइटच्या फोल्डरमध्ये ठेवलेली, वेब सर्व्हरला सूचना देणारी फाइल.) संदेशाखाली त्या ओळी असतात. पहिली रीराइट इंजिन, म्हणजे मागितलेला पत्ता आतल्या आत वळवणारा सर्व्हरचा भाग, सुरू करते. पुढच्या दोन अटी: मागितलेली फाइल अस्तित्वात नसेल तर, फोल्डर नसेल तर. आणि शेवटचा नियम उरलेलं सगळं इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठवतो. या ओळी स्वतः चुकीच्या नाहीत. त्यांच्यासोबत येणारे दावे मात्र चुकीचे आहेत, आणि त्यापायी नवशिक्यांचे दिवसच्या दिवस वाया जातात म्हणून हे लिहितोय.

‘कुठल्याही सर्व्हरवर’ हा दावा आधी घेऊ, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. एचटीअ‍ॅक्सेस ही अपाची या वेब सर्व्हरची पद्धत. एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर ही फाइल वाचतच नाही, आणि वाचत नसल्याची तक्रारही करत नाही. उलट वेगळी बंदी घातलेली नसेल, तर कुणी मागितली की तीच फाइल साध्या मजकुरासारखी बाहेर देतो. तिथे याच कामासाठी ट्राय_फाइल्स ही ओळ सर्व्हरच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहावी लागते. अपाचीवरही खात्री नाही: त्याच्या २.४ आवृत्तीत अलाउओव्हरराइड या परवानगीच्या सेटिंगची मूळ किंमत ‘नन’ आहे, म्हणजे परवानगी दिल्याशिवाय फाइल उघडलीच जात नाही. तुमची फाइल वाचली जाते का, हे तपासायला तिच्यात एक निरर्थक शब्द टाइप करून पान उघडा. ५०० ची (सर्व्हरच्या आतली) चूक आली तर वाचली जातेय. काहीच झालं नाही, तर नियमांशी झटापट थांबवा आणि आधी परवानगी बघा.

बरं, फाइल वाचली जातेय. मग कुणीतरी सांगतं, ‘वेग हवा असेल तर नियम मुख्य कॉन्फिगमध्ये हलव.’ सल्ला योग्यच आहे, कारण एचटीअ‍ॅक्सेस सुरू असली की अपाची प्रत्येक विनंतीला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये ती शोधतो. पण त्याच ओळी व्हर्च्युअल होस्टमध्ये (मुख्य कॉन्फिगमधल्या त्या साइटच्या भागात) जशाच्या तशा चिकटवल्या की दोन गोष्टी बिघडतात. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नियमाला मिळणाऱ्या पत्त्यातून सुरुवातीची तिरकी रेघ काढलेली असते, इथे ती असते. त्यामुळे ‘पुस्तके/’ने सुरू होणारा पत्ता शोधणारा नियम कधीच जुळत नाही. दुसरं, या टप्प्यावर पत्ता अजून डिस्कवरच्या फाइलशी जोडलेला नसतो. म्हणून ‘फाइल नसेल तर’ ही अट जवळजवळ नेहमीच खरी ठरते, आणि सीएसएस, चित्रं, सगळंच इंडेक्स डॉट पीएचपीकडे जातं. अटीत डॉक्युमेंट_रूट (साइटच्या मुख्य फोल्डरचा मार्ग) जोडून पूर्ण मार्ग द्यावा लागतो. खरं तर सगळं एकाच फाइलकडे पाठवायचं असेल, तर अपाचीत फॉलबॅकरिसोर्सची एक ओळ पुरते. चार ओळींची गरजच नाही.

नियमाच्या शेवटी कंसात लिहिल्या जाणाऱ्या ‘एल’ या खुणेबद्दलही हाच संदेश सांगतो की तिने नियम संपतात. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ती फक्त चालू फेरी संपवते. बदललेला पत्ता पुन्हा त्याच नियमांतून जातो. अटी काढून ‘सगळं अ‍ॅप फोल्डरमध्ये ढकल’ असा नियम लिहून बघा: अ‍ॅप, मग अ‍ॅप/अ‍ॅप, मग अ‍ॅप/अ‍ॅप/अ‍ॅप, आणि दहा फेऱ्यांच्या मर्यादेला येऊन ५००. खरोखर थांबवायचं असेल तर २.४ मध्ये ‘एंड’ ही खूण आहे. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. मुख्य कॉन्फिगमध्ये रीराइटची लॉग पातळी ट्रेस३ करा, प्रत्येक पायरी एरर लॉगमध्ये डोळ्यांसमोर येते.

‘साइट वर येईल’ यावर फार बोलण्यासारखं नाही. प्रश्नचिन्ह असलेली पानंही गूगल नीट वाचतं. स्वच्छ पत्त्याचा फायदा माणसांना होतो: तो वाचता येतो, सांगता येतो, आणि उद्या भाषा किंवा फ्रेमवर्क बदललं तरी तसाच ठेवता येतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ मध्येच बजावत होते की तंत्राची खूण पत्त्यात ठेवू नका.

‘आयडी लपतो, हॅकिंग थांबतं’ हा दावा मात्र घातक आहे. /पुस्तके/४२ मधला ४२ शेवटी डेटाबेसच्या क्वेरीतच पोचतो, आणि नियमात फक्त अंक चालतील असं लिहिलं तरी पुस्तक डॉट पीएचपी हा मूळ पत्ता थेट उघडता येतोच. तिथे आयडीच्या जागी काहीही देता येतं. एसक्यूएल इंजेक्शन (आयडीच्या जागी डेटाबेसची आज्ञा घुसवणं) रोखायचं ते पॅरामीटर बांधलेल्या क्वेरीने, म्हणजे मूल्य आज्ञेपासून वेगळं पाठवून, आणि ४२ च्या जागी ४३ टाकून दुसऱ्याची माहिती दिसू नये यासाठी अ‍ॅपमध्येच परवानगी तपासावी लागते.

राहिला ‘प्रश्नचिन्हवाले यूआरएल जातील’. नियम फक्त आत येणारी विनंती वळवतो. तुमच्या पानांवरच्या लिंक कोण बदलणार? त्या अ‍ॅपनेच नव्या रूपात तयार करायला हव्यात. पत्ता एक पायरी खोल गेला की ‘स्टाइल डॉट सीएसएस’ अशी सापेक्ष लिंक ब्राउझर /पुस्तके/स्टाइल डॉट सीएसएस अशी मागतो. ती फाइल तिथे नसते, म्हणून विनंती इंडेक्स डॉट पीएचपीकडे जाते. अनोळखी पत्त्यावर ४०४ (पान सापडलं नाही) द्यायचं काम आता अ‍ॅपचं असतं. ते अ‍ॅपने केलं नाही, तर सीएसएसच्या जागी २०० (सगळं ठीक) सकट एचटीएमएल येतं आणि पान उघडं-बोडकं दिसतं.

जुने पत्ते नव्याकडे ३०१ ने (कायमचा बदल सांगणाऱ्या उत्तराने) पाठवायचेही राहतात, नाहीतर एकाच पानाचे दोन पत्ते जिवंत राहतात. यासाठी क्वेरी_स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) तपासली, तर आतल्या वळणानंतर तीच अट पुन्हा जुळते आणि ब्राउझर गोल फिरत बसतो. द_रिक्वेस्ट तपासा: त्यात ब्राउझरने पाठवलेली मूळ ओळ असते आणि आतल्या वळणांनी ती बदलत नाही. नियमाच्या लक्ष्याशेवटी प्रश्नचिन्ह ठेवा, नाहीतर जुनी क्वेरी नव्या पत्त्याला चिकटून येते. आणि चाचणी ३०२ (तात्पुरता बदल) वरच करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे नियम दुरुस्त केल्यावरही तो जुन्याच चुकीच्या जागी जात राहील.